रुमालाखालचा भाव

सांगलीच्या मार्केट यार्डात माल बघायला परदेशी व्यापारी येतो, तेव्हा बहुधा सूचनांची यादी पाठ करूनच येतो. देणं-घेणं उजव्या हातानं, चहाला नाही म्हणायचं नाही, पहिल्याच भेटीत भावावर यायचं नाही, आणि समोरचा ‘बघू’ म्हणाला तर तो होकार समजायचा नाही. यादी बरोबर आहे. ती वाचून हे सगळं आपल्या रक्तातच असावं असं वाटतं, पण यातलं बरंच काही बाजारानं आणि दरबारानं घडवलंय.

भावाचंच घ्या. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला लुदोविको द वार्थेमा या इटालियन प्रवाशानं कालिकतला सौदा पाहिला. दलालानं कापड धरलं, त्याखाली विकणाऱ्याची बोटं पकडली आणि तोंडातून आकडा न काढता भाव विचारला. सतराव्या शतकात दक्षिणेतल्या हिऱ्यांच्या खाणींवर आलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए तर कोष्टकच देतो : अख्खा पंजा म्हणजे हजार, एक बोट शंभर, अर्धं बोट पन्नास, टोकाचं पेर दहा. हातावर रुमाल टाकून सौदे करण्याची आपल्याकडची जुनी रीत ती हीच. भाव पटला नाही तर हात सोडवून घ्यायचा. चारचौघांत ना कुणाची पत गेली, ना कुणी ‘नाही’ म्हटलं. आपल्या ‘बघू’चं मूळ मला तरी या रुमालाखाली दिसतं.

अर्थात हा सभ्यपणा शेतकऱ्याला महाग पडायचा. माल त्याचा, पण रुमालाखाली काय ठरलं ते त्यालाच कळायचं नाही. म्हणून बाजार समित्यांच्या कायद्यांनी उघड लिलाव आणला.

भरवशाची गोष्ट निराळी. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, साठवायचे. २००५च्या महापुरानं त्यातली बरीच पेवं निकामी केली. ‘पेव फुटणं’ आपण येताजाता म्हणतो, पण पेव पाहिलेला माणूस आता शोधावा लागेल. जमिनीत पुरलेल्या मालाचा व्यवहार माणूस ओळखीचा असल्याशिवाय कोण करील? ‘आधी ओळख, मग धंदा’ यात गूढ काही नाही.

भेटवस्तूंचा धडा इंग्रज लवकर शिकले. १६७४ साली ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन नजराणा घेऊन राज्याभिषेकाला रायगडावर गेला. महाराजांनी त्याची बहुतेक कलमं मान्य केली, पण इंग्रजी नाणं रयतेवर लादायला नकार दिला. नजराण्यानं दार उघडतं, तिजोरी नाही. पुढे कंपनीचेच नोकर भेटींवर इतके गबर झाले की १७७३च्या कायद्यानं त्यांना त्या घ्यायला बंदी घालावी लागली.

दरबारात अत्तर आणि पानसुपारी आली की भेट संपली, हे साहेबालाही कळायचं. आज पेढीवर पानाचं तबक नसतं. चहा येतो, तोही बसताक्षणीच. त्यामुळे उठायचं कधी, हे पाहुण्याला यादीतून कळत नाही.