गच्चीवरचा अँटेना आणि घरभर फिरलेली वायर

पुण्यात एखाद्या जुन्या इमारतीच्या गच्चीवर अजूनही गंजक्या पाइपला टांगलेला ॲल्युमिनियमचा सांगाडा दिसतो. कबुतरांनी नि वाऱ्यानं फिरवला नसेल, तर त्याचं तोंड हमखास नैर्ऋत्येला असतं. सिंहगडाकडे. मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झालं ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यातून तेच कार्यक्रम पुण्यात दिसू लागले, आणि पुण्यातल्या गच्च्या एका दिशेला वळल्या. मुंबईत त्या वरळीकडे वळल्या होत्या.

दिशा एवढी महत्त्वाची का, तर त्या काळच्या प्रक्षेपणाच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की त्याच्या पलीकडे सावली पडते. गडावरचा मनोरा ज्याच्या गच्चीवरून दिसतो त्याचं काम सोपं, आणि टेकडीआड राहणाऱ्याला पाइप वाढवत न्यावा लागे.

तो सांगाडा जपानी आहे. सेंदाई इथल्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ च्या सुमारास तो शोधून काढला. यागींनी १९२८ साली इंग्रजीत लेख लिहिला, म्हणून नाव यागींचं झालं; खटपट करणारे उदा मागे पडले. गंमत अशी, की जपानमध्ये त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर जपान्यांना ब्रिटिशांची रडारची टिपणं सापडली, त्यात ‘यागी’ हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता, आणि त्याचा अर्थ त्यांना एका युद्धकैद्याला विचारावा लागला, असा किस्सा सांगतात.

रचना मात्र साधी. एका आडव्या दांडीवर बऱ्याच नळ्या; उभ्या-आडव्या नव्हे, सगळ्या एकमेकींना समांतर. त्यातली एकच खरी कामाची: लांबट कडीसारखी वळवलेली, मध्ये खालच्या बाजूला तुटलेली, आणि त्या तुटलेल्या दोन टोकांना दोन स्क्रू. वायर तिथून निघते. तिच्या मागची थोडी लांब नळी आरशासारखी लहर परतवते, पुढच्या आखूड नळ्या लहर गोळा करून आणतात. त्यांना वायर नसतेच. नळीची लांबी लहरीच्या साधारण निम्मी. खालच्या पट्ट्यातल्या, म्हणजे ४७ ते ६८ मेगाहर्ट्झच्या चॅनेलसाठी ती दोन मीटरच्या वर जाते. १७४ ते २३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी मीटरच्या आतच भागते. एका गावचा अँटेना दुसऱ्या गावी नेऊन चित्र नीट येत नाही अशी तक्रार लोक करायचे, त्यामागे बहुतेक वेळा हे माप असे.

तो बसवणं हा घरच्या सगळ्यांचा कार्यक्रम. एक जण गच्चीवर, एक जिन्यात किंवा खिडकीशी, एक टीव्हीसमोर. “आलं का?” “मुंग्या आहेत!” “आता?” “आलं, आलं! हलवू नकोस!” गच्चीवरच्यानं हात काढला की पुन्हा मुंग्या, म्हणजे पडदाभर वळवळणारे काळे-पांढरे ठिपके. यात भुताटकी काही नव्हती. माणसाचं शरीर विजेचं बऱ्यापैकी वाहक आहे. पाइप धरून उभा राहिलेला दादा हा तेवढ्यापुरता अँटेनाचाच एक भाग झालेला असे.

मुंबईची तक्रार वेगळी होती. तिथे सिग्नल भरपूर, पण उंच इमारतींवर आपटून आलेली लहर थोडी उशिरा पोचायची आणि प्रत्येक निवेदिकेच्या उजव्या अंगाला तिचीच फिकट सावली उभी राहायची. हिशेब मजेदार आहे: लहरीला ३०० मीटरचा वळसा पडला, की २० इंची पडद्यावर सावली सुमारे पाऊण सेंटिमीटर सरकते. समोरची कोणती इमारत त्रास देते आहे याचा अंदाज पट्टी घेऊन बांधता आला असता. कुणी बांधला असेल असं वाटत नाही. अँटेना थोडा तिरका करून, म्हणजे थेट सिग्नलचं थोडं नुकसान सोसून, ती इमारत टाळायची, हा जाणत्या मेकॅनिकचा उपाय.

अँटेनापासून टीव्हीपर्यंत येणारी पहिली वायर चपटी होती: दोन तारा आणि मध्ये प्लॅस्टिकची पट्टी, ३०० ओहमची (ओहम म्हणजे सिग्नलला होणाऱ्या विरोधाचं माप). स्वस्त, आणि कोरडी असेपर्यंत उत्तम. पण तिचा सिग्नल तारांच्या भोवतीच्या हवेतही असतो. ती लोखंडी पाइपला गुंडाळली किंवा ओल्या भिंतीला चिकटवली की सिग्नल गळतो. जूनमध्ये चित्र बिघडायचं त्याचं खापर लोक ढगांवर फोडत. दोष बहुधा भिजलेल्या वायरचा आणि स्क्रूपाशी चढलेल्या गंजाचा असे. कोकणात खाऱ्या हवेनं हे स्क्रू वर्षा-दोन वर्षांत पांढरे पडत. कानशीनं घासले की झालं, पण त्यासाठी कौलांवर चढायचं आणि चारदोन कौलं फोडून उतरायचं.

मग गोल, ७५ ओहमची कोॲक्सियल वायर आली. बाहेरच्या जाळीमुळे ती भिंतीवरून, खिळ्याखालून, मोरीच्या कडेनं कुठूनही नेता येते. मात्र अँटेनाचे ३०० ओहम आणि वायरचे ७५ यांची गाठ घालायला मध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर लागतो. तो न लावता तारा नुसत्या पिळून जोडलेली घरं मी पुष्कळ पाहिली आहेत. चित्र यायचं. पिळून जोडलेलंही चालतं, हाच आपल्याकडच्या वायरिंगचा निम्मा इतिहास.

दुसऱ्या खोलीचा प्रश्न इथून सुरू होतो. १९८२ च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आला, आणि जुना कृष्णधवल संच आजीच्या खोलीत गेला. आता एका वायरीवर दोन टीव्ही. साधा विचार असा, की विजेसारखीच वायर फोडायची. पण सिग्नल विजेच्या दिव्यासारखा वागत नाही. नुसत्या फोडलेल्या जागेवरून काही भाग मागे उसळतो, वायरीत येरझाऱ्या घालतो आणि चित्राच्या कडा फिसकटतात. त्यासाठी स्प्लिटर. तोही जादू करत नाही: दोन वाटे केले की प्रत्येकाला निम्म्याहून थोडं कमीच मिळतं, चार केले की चौथ्या हिश्श्याहून कमी. मग बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारी डबी. तो टीव्हीच्या मागे लावण्याची हौस सगळ्यांना, कारण तिथे प्लग असतो. खरं तर तो वर, अँटेनाच्या बुडाशी हवा. लांब वायरीत सिग्नल आधीच मुंग्यांच्या पातळीला आला असेल, तर खाली लावलेला बूस्टर मुंग्याही तितक्याच मोठ्या करतो. वरच्या बूस्टरला लागणारी वीज त्याच वायरीतून चढवता येते.

१९८४ साली देशभर कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रं झपाट्यानं उभी राहिली. त्यातली बरीच जेमतेम १०० वॉटची, पोच साधारण २५ किलोमीटर. तालुक्याच्या गावात गच्चीवर पाइप, आणि वर्तुळाच्या कडेवरच्या वाडीत सर्वांत उंच वेळूच्या टोकाला बांधलेला अँटेना, हे दृश्य तेव्हाचं. रेडिओ-टीव्हीचं पोस्टातून घ्यायचं लायसनही १९८५ मध्ये संपलं.

मोठ्या शहरांतल्या सोसायट्यांनी तोपर्यंत वेगळा मार्ग धरला होता. गच्चीवर पन्नास अँटेनांचं जंगल नको म्हणून एकच चांगला अँटेना, त्याखाली ॲम्प्लिफायर, आणि जिन्यातून प्रत्येक मजल्यावर एकेक डबी सोडत उतरणारी वायर. ही डबी हुशारीनं निवडावी लागते. वरच्या मजल्यावर सिग्नल जोरात असतो, म्हणून तिथल्या डबीनं थोडाच चिमटीत घ्यायचा. खाली खाली येताना चिमूट मोठी होत जाते आणि तळमजल्याला दहाव्या मजल्याइतकंच मिळतं. शेवटच्या टोकाला ७५ ओहमचा रेझिस्टर लावून वायर ‘मिटवायची’. तो कुणी काढला, की खालच्या माळ्यावर सावल्या नाचू लागत.

आणि याच वायरीत केबलचं बीज पडलं. गच्चीवरच्या ॲम्प्लिफायरला अँटेनाबरोबर एक व्हीसीआर जोडला की साऱ्या इमारतीला रिकाम्या चॅनेलवर सिनेमा. १९८४ च्या आसपास मुंबईतल्या हॉटेलांत आणि इमारतींत हे सुरू झालं. एका गच्चीवरून शेजारच्या गच्चीवर वायर फेकायला फार कल्पनाशक्ती लागत नव्हती. १९९१ मध्ये आखाती युद्ध आलं, उपग्रह वाहिन्या आल्या, आणि व्हीसीआरच्या जागी डिश बसली. वायर, डबी, बूस्टर तेच राहिले; महिन्याचे पैसे घ्यायला येणारा माणूस तेवढा नवा. केबलवाल्यांवरचा कायदा झाला १९९५ साली. त्यात त्यांची नोंदणी कुठे करायची ठरली, तर मुख्य पोस्टात! आणि ज्या वायरीनं दूरदर्शनला गिऱ्हाइकं दुरावली तिनं दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवल्याच पाहिजेत, हेही ठरलं.

डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शननं स्वतःची घरोघरीची डिश आणली. आता दोन खोल्यांसाठी जुना स्प्लिटर लावून पाहणाऱ्यांची पंचाईत झाली. डिशच्या पुढच्या यंत्राला १३ की १८ व्होल्ट मिळतात यावर ते कोणत्या लहरी घ्यायच्या ते ठरवतं. दोन खोल्यांतले दोन बॉक्स वेगवेगळे हुकूम सोडू लागले की एकाचा पडदा काळा. त्यासाठी दोन तोंडांचं यंत्र आणि दोन स्वतंत्र वायरी लागतात. अँटेना बिचारा असं कधी विचारत नव्हता.

प्रसार भारतीनं मोजकी सोडून बाकीची जुनी ॲनालॉग केंद्रं मार्च २०२२ पर्यंत बंद केली. पुण्यातल्या त्या पाइपला आता एका टोकानं कपड्यांची दोरी बांधलेली आहे. जिन्यातल्या डब्या रंगाऱ्यानं भिंतीच्याच रंगात रंगवून टाकल्या आहेत, आणि फायबरवाल्यानं त्याची नवी बारीक वायर त्याच जुन्या भोकातून खाली सोडली आहे.