रॉड दिसले म्हणून ते वाफेचं इंजिन होत नाही हो

ब्रिटनच्या क्लास ०८ शंटरचा (यार्डात डबे हलवणाऱ्या इंजिनाचा) फोटो आला की कुणीतरी लिहितंच, "हे जुनं वाफेचं इंजिन, बॉयलर काढून डिझेल बसवलंय." पार चुकीचं. ही इंजिनं 1952 ते 1962 मध्ये डिझेल म्हणूनच नवीकोरी बनली, एकूण 996, आणि त्यांचा मूळ आराखडा एलएमएस या जुन्या ब्रिटिश रेल्वे कंपनीच्या डिझेल शंटरवरून आलाय.

मग ते चाकांवरचे रॉड कशाला? तर आत इंग्लिश इलेक्ट्रिकचं 350 हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन जनरेटर फिरवतं, ती वीज दोन मोटरींना जाते, पण ॲक्सल आहेत तीन, मग तिसऱ्याला जोर कोण देणार, तर रॉड. शिवाय सगळी चाकं एकत्र बांधलेली असल्यामुळे ओल्या रुळावर एखादंच चाक सुटून गरगरत नाही. वाफेच्या इंजिनात पिस्टनच रॉड ढकलतो, इथे पिस्टनचा आणि रॉडचा थेट संबंधच नाही.

आणि 350 ऐकून हसू नका, आपल्या बऱ्याच ट्रकची पॉवर तेवढी नसते! गिअरिंगच असं की वेग जेमतेम ताशी 24-32 किलोमीटर, पण सुरुवातीची ओढ जवळपास 16 टन. यार्डात डबे हलवायला तेच लागतं. त्यातली काही आजही कामावर आहेत.