रंग का फुटतो?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांवर मार्का मारणारे एक मामा आहेत. पत्र्याचा छाप पोत्यावर ठेवतात, ब्रश रंगात बुडवून डब्याच्या काठावर दोन-तीनदा निपटतात आणि तो उभा धरून टकटक ठोकतात. फराटा कधी ओढत नाहीत. मी एकदा विचारलं, ब्रश इतका निपटता कशाला? निम्मा रंग तर डब्यातच परत जातोय.

‘वल्ला ब्रश लावला की रंग फुटतोय, साहेब,’ मामा म्हणाले. ‘छापाखाली घुसतोय. मग पोतं कुणाचं, ते कळत न्हाई.’

हे बोलणं मला आठवलं ते ऑगस्टमधल्या एका रात्री साडेअकरा वाजता, मिग-२१ च्या पंखावरचा टेप सोलताना. मिग अर्थातच टेबलावर मावणारं. खऱ्या विमानाच्या पंखांचा पसारा ७.१५ मीटर, माझं मॉडेल १/४८ प्रमाणाचं, म्हणजे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत १५ सेंटिमीटर. त्यावर हवाई दलाचं तिरंगी वर्तुळ, म्हणजे राउंडेल, रंगवत होतो. टेप निघाला आणि केशरी कडेला बारीक बारीक मिशा फुटलेल्या दिसल्या. एका ठिकाणी तर रंग पंखावरच्या पॅनलच्या, म्हणजे पत्र्यांच्या सांध्याच्या, खाचेत शिरून, उसाच्या पाटात पाणी धावावं तसा, सरळ पुढे गेला होता.

राउंडेल दिसायला सोपं आहे. मध्ये हिरवं, मग पांढरं, बाहेर केशरी. १९३२ मध्ये भारतीय हवाई दल स्थापन झालं तेव्हा विमानांवर ब्रिटिश धाटणीची लाल-पांढरी-निळी वर्तुळं होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यातला मधला लाल ठिपका काढून टाकावा लागला, कारण जपानी विमानांवर लाल गोळा असे आणि हवेत घाईच्या क्षणी लाल दिसलं की आपलेच लोक गोळी झाडण्याची भीती. स्वातंत्र्यानंतर काही काळ अशोकचक्र आलं आणि १९५० पासून आजचं तिरंगी वर्तुळ. मिग-२१ हवाई दलात आलं १९६३ मध्ये आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निवृत्त झालं.

किटच्या खोक्यात ही वर्तुळं छापील मिळतात. त्यांना डिकल म्हणतात. पाण्यात भिजवायचं, कागदावरून सरकवायचं, मॉडेलवर बसवायचं. मग एवढा खटाटोप कशाला, असं आमच्या घरातही विचारून झालंय. कारण असं की डिकल ही एक पातळ पारदर्शक कातडी असते. मॉडेलचा रंग खडबडीत असेल तर तिच्याखाली हवेचे बारीक कप्पे अडकतात. प्लास्टिकच्या पापुद्र्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो त्याचं माप, सुमारे १.५ आणि हवेचा १. अशा प्रत्येक सीमेवर थोडा प्रकाश परत फिरतो आणि डिकलच्या कडेनं चंदेरी झाक मारू लागते. वहीवर सेलोटेप नीट बसला नाही की जिथे पांढुरकं दिसतं, तोच प्रकार. खऱ्या विमानावर चिन्ह रंगवलेलं असेल तर मॉडेलवरही ते रंगवलेलंच शोभतं, हे माझं मत. मत कसलं, हट्ट.

आता फुटलेल्या रंगाकडे येऊ. टेप कितीही दाबून बसवला तरी त्याच्या कडेखाली सूक्ष्म फटी राहतातच. एखादी फट १० मायक्रॉनची धरा, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. ओला रंग तिच्या तोंडाशी आला की पृष्ठताण त्याला आत ओढतो. दिव्याची वात तेल ओढते ते हेच केशाकर्षण. फट जितकी अरुंद, तितकी ओढ जास्त. १० मायक्रॉनच्या फटीत ही ओढ साधारण अर्धा मीटर उंच पाण्याच्या दाबाएवढी भरते. म्हणजे टेप अजून घट्ट दाबून प्रश्न सुटत नाही. फट पूर्ण मिटली तर गोष्ट वेगळी. नुसती अरुंद झाली तर रंगाला उलट जोरात आत बोलावते.

पण ओढ आहे म्हणून रंग पोहोचेलच असं नाही, त्याला वेळही मिळावा लागतो. ढोबळ हिशेब केला तर पातळ, वाहता रंग अशा फटीत एका सेकंदात दोन-तीन मिलिमीटर आत जाऊ शकतो. तोच रंग वाळत वाळत शंभरपट घट्ट झाला असेल तर तेवढ्याच वेळात तीन दशांश मिलिमीटरच्या पुढे सरकत नाही. आणि पूर्ण चिकट झाला असेल तर तोंडाशीच थांबतो. कड कशी येणार हे ठरतं ते रंग कडेला पोहोचतो तेव्हा किती ओला असतो यावर. मामांचा निपटलेला ब्रश हेच करत होता.

मॉडेलवर रंग फवारायची छोटी गन म्हणजे एअरब्रश. तिच्याकडे या नजरेनं बघितलं की ते यंत्र वेगळंच दिसायला लागतं. नोझलचं भोक ०.२ ते ०.५ मिलिमीटर, त्यातून बाहेर डोकावणारी सुई, आणि भोवतीच्या कडीसारख्या फटीतून सुटणारी दाबलेली हवा. कंप्रेसरचा दाब आपण १५-२० पीएसआय ठेवतो, मोटारसायकलच्या टायरपेक्षाही कमी. पण एवढ्याशा फटीतून बाहेर पडताना हवेचा वेग ध्वनीच्या वेगाच्या आसपास जाऊ शकतो. ही हवा सुईच्या टोकावरचा रंग ओढून घेते आणि त्याच्या चिंधड्या करते. पृष्ठताण थेंबाला एकत्र धरू पाहतो, हवा त्याला चपटा करून फाडते. थेंब दहा-वीस-तीस मायक्रॉनचे झाले की पृष्ठताण जिंकतो आणि फाडाफाड थांबते.

बारीक थेंबाचा खरा फायदा वाळण्यात आहे. थेंबाचं आयुष्य त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. व्यास निम्मा केला की थेंब चौपट लवकर वाळतो. म्हणून नोझलमधून दुधासारखा पातळ निघालेला रंग आठ-दहा सेंटिमीटरचा प्रवास करून पंखावर येईपर्यंत थोडा दाट झालेला असतो आणि टेकल्यावर काही क्षणांत बसतो. अर्थात गन खूप लांब धरली तर थेंब वाटेतच वाळतात आणि पृष्ठभागावर पिठासारखी भुकटी बसते. गणपतीच्या कारखान्यात सोवळ्याच्या काठावर गन मारणारी पोरं हे अंतर मोजत नाहीत, मनगटालाच ते माहीत असतं. मी मात्र अजून पट्टी ठेवून बघतो.

मग माझ्याकडे हातात एअरब्रश असताना रंग का फुटला? एक कारण मी स्वतः. केशरी दाट दिसेना म्हणून घाईनं एकाच दमात ओला, जाड हात मारला. दुसरं कारण खिडकीबाहेर कोसळत होतं. मी वापरत होतो तो पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक रंग. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांवरून ९० वर गेली की पाणी उडून जाण्याची गती साधारण पाचपट मंदावते. म्हणजे मे महिन्यात जो हात बिनघोर चालला असता, तोच ऑगस्टमध्ये फटीला पाचपट वेळ देऊन बसतो.

कंप्रेसरचं दुखणं आणखी निराळं. पावसाळी हवा तिप्पट दाबून टाकीत भरली की ती बाष्प धरून ठेवू शकत नाही. टाकी थंड झाली की त्यातलं निम्म्याहून जास्त बाष्प पाणी होऊन तळाशी साचतं आणि उरलंसुरलं नळीतून गनपर्यंत येतं. वाटेत पाणी अडवायला काचेची छोटी बाटली बसवतात, तिला मॉइश्चर ट्रॅप म्हणतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत माझी ती बाटली दर अर्ध्या तासाला रिकामी करावी लागते. एकदा विसरलो आणि गननं पंखावर रंगाऐवजी एक लठ्ठ पाण्याचा थेंब थुंकला.

पांढऱ्याबद्दल एक सांगायला हवं, कारण जाड हाताचा मोह तिथूनच सुरू झाला. मिगचं अंग राखाडी होतं. केशरी रंगद्रव्यं सहसा पूर्ण झाकत नाहीत, खालचा राखाडी डोकावतो आणि केशरी मळकट दिसतो. पांढऱ्यातल्या टायटॅनियम डायऑक्साइडचा अपवर्तनांक सुमारे २.७ असतो आणि भोवतीच्या राळेचा १.५. एवढ्या फरकामुळे प्रकाश आतल्या आत इतक्या वेळा वळतो की खालपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून आधी पूर्ण वर्तुळ पांढरं करायचं. तिन्ही वर्तुळं एकाच टेपमध्ये कापलेली असली की त्यांचे तुकडे लहान मुलांच्या कोड्यासारखे एकमेकांत परत बसवता येतात, केंद्र हलत नाही. मग बाहेरचं कडं तेवढं उचलून पातळ पातळ हातांनी केशरी मारायचा. तो सुकला की कडं परत बसवून मधली चकती काढायची आणि हिरवा मारायचा. मी पहिल्या वेळी पांढऱ्यात कंजुषी केली आणि ती भरपाई जाड केशरीनं करायला गेलो.

रंग नको तिथे झाकून ठेवणाऱ्या मास्कचीही एक कथा आहे. मास्किंग टेप १९२५ मध्ये अमेरिकेत आला. थ्रीएम कंपनीतला रिचर्ड ड्रू हा तरुण सँडपेपरचे नमुने घेऊन गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजांत जायचा. त्या वेळी दोन रंगांच्या मोटारींची फॅशन होती आणि वर्तमानपत्रं चिकटवून कड राखताना पेंटरांचा रंगच उखडून निघायचा. त्यांच्या शिव्या ऐकून ड्रूनं हलका चिकटणारा टेप बनवला. मॉडेलवाले आज जो पिवळा टेप वापरतात तो जपानी वाशी पद्धतीच्या कागदाचा. लांब धाग्यांचा, पातळ आणि वाकवला तसा वाकणारा.

मी मात्र आधी शहाणपणा केला होता. वर्तुळं हातानं कापण्यापेक्षा नंबरप्लेटच्या रेडियमवाल्याकडून कापून घेतली. त्याच्याकडे कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन असतं, वर्तुळ अगदी काटेकोर निघतं. पंखाच्या वरच्या बाजूला ते बसलंही झकास. पण पंख जिथे धडाला मिळतो, त्या वळणावर रेडियमच्या कडा काही केल्या टेकेनात. दाबल्या की बसायच्या, चहा पिऊन येईपर्यंत वर आलेल्या.

याचं उत्तर गाऊस या जर्मन गणितज्ञानं १८२७ मध्ये देऊन ठेवलंय. सपाट कागद नळीभोवती किंवा शंकूभोवती चुणी न पडता गुंडाळता येतो. मिगचं धड बरंचसं नळकांड्यासारखं, तिथे अडचण नाही. पण जो पृष्ठभाग एकाच वेळी दोन दिशांना वळतो, म्हणजे नारळ किंवा घोड्याचं खोगीर, त्यावर सपाट तुकडा ताणल्याशिवाय किंवा दुमडल्याशिवाय बसूच शकत नाही. उकडीच्या मोदकाची पारी सपाट असते. तिला गोल पोट द्यायचं तर कळ्या पाडाव्याच लागतात. कळ्या पाडणं हा आपल्या आज्जीचा दोष नाही, भूमितीची अट आहे. वाशी टेप थोडा दबतो, सरकतो आणि ही अट बऱ्यापैकी पाळतो. रेडियमचं व्हिनाइल ताणलं तर ताणतं, पण परत मूळ आकारात यायला बघतं. त्या वळणावर मग मी टेपच कापला, आणि कडेनं कात्रीनं छोटे काप दिले.

तरीही पॅनलच्या खाचा उरल्याच. टेप खाचेवरून पुलासारखा जातो आणि खाली आयता बोगदा तयार होतो. तो कशानंच दाबून मिटत नाही. इथे जुन्या रंगाऱ्यांची युक्ती कामाला येते आणि ती मला फार आवडते. टेप लावल्यावर केशरी मारायचाच नाही. आधी टेपच्या खाली जो रंग आहे तोच कडेवरून हलका मारायचा. माझ्या बाबतीत बाहेरच्या कडेला राखाडी, आतल्या कडेला पांढरा. जो काय फुटायचा तो हाच फुटतो. राखाडीवर राखाडी फुटला तर दिसणार कुणाला? तो वाळला की सगळ्या फटी, बोगदे त्यानंच बुजलेले असतात. मग मागून येणाऱ्या केशरीला वाटच राहत नाही. रंग बदलायचा नसेल तर चकचकीत पारदर्शक वार्निशही चालतं.

टेप सोलायचाही एक हिशेब आहे. तो पंखावरून सरळ वर ओढला तर खालचा रंगही उचलला जातो. टेपचं टोक त्याच्याच पाठीवर उलटं दुमडून, पंखाला जवळजवळ समांतर ओढलं तर काटकोनात ओढण्याच्या तुलनेत साधारण निम्म्या जोरात तो सुटतो, आणि ओढ वरच्या दिशेला न लागता कडेच्या दिशेला लागते. रंग पूर्ण कडक होण्याआधी सोलावं, नाहीतर टेप आणि पंख यांच्यामध्ये पसरलेला रंगाचा पापुद्रा कुठेही तडकतो. सोलल्यावर कडेला बोटानं जाणवेल असा बारीक वरंबा राहिला असेल, तर समजायचं की ओला रंग टेपच्या भिंतीला धरून वर चढला होता. दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरनं, पाण्यात भिजवून, तो उतरवता येतो.

उजवा पंख घासून मी सगळं पहिल्यापासून केलं. राखाडीनं कड बुजवली, पांढरा मनापासून मारला, केशरीचे पाच हात, दोन हातांमध्ये बायकोच्या हेअर ड्रायरची गरम हवा. कड अशी आली की नखानं शोधावी लागते. डाव्या पंखाच्या खालच्या बाजूला एक मिशी अजून आहे, तीन दशांश मिलिमीटरची. ४८ पट केली तर खऱ्या मिगवर ती दीड सेंटिमीटर भरेल. यार्डातल्या मामांना मॉडेल दाखवलं, तेव्हा त्यांनी ते हातात घेऊन लगेच उलटं केलं आणि त्या मिशीवरच बोट ठेवलं.