वणवा उडी मारतो

अफवा वणव्यासारखी पसरली असं इंग्रजीत म्हणतात, आपणही म्हणतो. म्हणणाऱ्याच्या मनात असतो तो फक्त वेग. माझ्या मते वेग ही वणव्याची निम्मीच गोष्ट झाली.

लाकूड थेट पेट घेत नाही. आधी त्यातलं पाणी उडून जातं, मग साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास त्यातून ज्वलनशील वायू सुटतात. ज्वाळा दिसते ती या वायूंची. म्हणजे पुढचं गवत जाळण्याआधी आगीला ते वाळवावं आणि तापवावं लागतं. चढावर हे काम सोपं, कारण ज्वाळा वरच्या गवताच्या अधिक जवळ असतात. चढ १० अंशांनी वाढला की वेग दुप्पट, असा ऑस्ट्रेलियात ठोकताळाच आहे. सह्याद्रीतला वणवा पायथ्याकडून माथ्याकडे झेपावतो तोही यामुळेच.

हे झालं सरपटत जाणं. उडी कशी असते ते ७ फेब्रुवारी २००९ रोजी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात दिसलं. फेब्रुवारी म्हणजे तिथला उन्हाळा. मेलबर्नचा पारा ४६.४ अंशांवर गेला होता. किलमोर ईस्ट इथे विजेची तार तुटली आणि आग लागली. तिथल्या निलगिरीच्या काही जातींची साल धाग्याधाग्यांची, सहज सुटणारी. तिचे जळते तुकडे तापलेल्या हवेबरोबर उंच गेले आणि वाऱ्याने पुढे नेले. चौपदरी ह्यूम फ्रीवे आगीने सहज ओलांडला. मुख्य आगीच्या ३० किलोमीटर पुढेसुद्धा नव्या आगी लागल्या.

संध्याकाळी वारा फिरला. तोवर वायव्येच्या वाऱ्याने आगीचा लांबच लांब, अरुंद पट्टा झाला होता. नैऋत्येचा वारा सुटताच त्या पट्ट्याची अख्खी बाजूच आघाडी बनली. एरवी थंड वारा आला की हायसं वाटतं, इथे तोच काळ ठरला. त्या दिवशीच्या आगींनी राज्यात १७३ बळी घेतले. त्यांतले ११९ या एका आगीचे.

आपलं वनखातं डोंगरावर जाळरेषा काढतं, म्हणजे गवत आधीच जाळून मोकळा पट्टा ठेवतं. वारा फार नसेल तर गवताचा वणवा तिथे अडू शकतो, कारण गवताची ठिणगी हलकी, बहुधा हवेतच विझणारी. सालीचा तुकडा मात्र जमिनीवर पडेपर्यंत धुमसत राहतो.