निळा रंग पाण्यात वाहून जातो? कागद बदलून मागण्याआधी हे वाचा
(सायनोटाइप, म्हणजे लेप दिलेल्या कागदावर उन्हाने निळे छाप काढण्याची पद्धत; तिचा संच किंवा तयार कागद नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

कागद बहुतेक वेळा चांगलाच असतो, तो उन्हातून लवकर उचललेला असतो.

लेप दिलेला कागद पिवळसर हिरवा असतो. उन्हात तो निळा होतो आणि इथेच घाई होते. हा निळा कच्चा असतो, धुताना त्यातला बराच निघून जातो. थांबा. निगेटिव्हमधून भरपूर ऊन लागणारा भाग निळ्याच्या पुढे जाऊन करडा, जुन्या पितळेच्या भांड्यासारखा दिसू लागला आणि उजळ भागही हवा त्याहून गडद वाटला, की मगच उचला. कागद आणि निगेटिव्ह दाबून धरणाऱ्या फ्रेमची अर्धी पाठ उघडून बघता येते, मात्र निगेटिव्ह हलू देऊ नका.

हिवाळ्यात निरभ्र दुपारी 10 ते 20 मिनिटे धरा, ढग असतील तर दुप्पट-तिप्पट. निगेटिव्हप्रमाणे वेळ बदलते, म्हणून पाकिटात त्याच कागदाच्या 4 पट्ट्या जास्तीच्या घालतो. एका पट्टीवर पुठ्ठा सरकवत 5, 10, 15, 20 मिनिटांचे टप्पे घ्या. या पट्ट्या न वापरता थेट मोठा कागद लावला, तर उघडलेले पाकीट आम्ही बदलून देत नाही. ऊन कमी पडले की लेप बिघडला, हे धुतल्यावर आम्हालाही ओळखता येत नाही. वर साधी 4 मिमीची काच ठेवा. लॅमिनेटेड काच अतिनील किरण अडवते.

धुणे सोपे, पण बोअरचे पाणी नको. क्षारामुळे निळा मरतो. पहिल्या पाण्यात लिटरमागे चहाचा अर्धा चमचा लिंबूसत्त्व घाला. पांढऱ्या भागातला पिवळेपणा गेला की पुरे. धुतल्यावर छाप फिका वाटला तरी घाबरू नका, एक दिवसात हवेने गडद होतो. साबण, सोडा लावू नका. बाथरूमचे ॲसिड तर चुकूनही नाही, लेपाच्या दोन बाटल्यांपैकी ब बाटलीतल्या पोटॅशियम फेरीसायनाइडमधून त्याने विषारी वायू सुटू शकतो.

द्राक्षाच्या पानांचे छाप घेणारे बरेच आहेत. बागेतले पान आधी धुवा, बोर्डोतला (मोरचूद-चुन्याच्या फवारणीतला) चुना निळ्याचा वैरी. मग दोन दिवस रद्दीत दाबून सुकवा, ओले पान लेपावर डाग पाडते.

अ बाटलीत 100 मिलीला 25 ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, ब मध्ये 10 ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड. समान घ्या, ए-4 कागदाला 2-2 मिली पुरते. लागेल तेवढेच मिसळा, मिश्रण टिकत नाही. म्हणूनच आम्ही दोन बाटल्या वेगळ्या देतो. जून ते सप्टेंबर तयार कागद विकत नाही, पावसाळी दमटपणात तो पाकिटातच निळसर पडतो. त्या दिवसांत बाटल्या न्या आणि कागदाला घरीच लेप द्या.

फोटो मोबाईलमधला असेल तर निगेटिव्ह आम्ही छापून देतो. फाइल सकाळी 11 च्या आत दिली की त्याच संध्याकाळी मिळते, आणि आमच्या कागदावर तिला किती ऊन लागते तेही पाकिटावर लिहून देतो.