लॅटिनो पालकांना म्हणे शिक्षणाचं वावडं!

अमेरिकेत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, कुटुंबांना ना शिक्षणाची पर्वा, ना इंग्रजीची, ना इतरांत मिसळण्याची. इतिहास मात्र नेमका उलटा आहे.

चाळीसच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या वेस्टमिन्स्टरमध्ये सिल्व्हिया मेंडेझ आणि तिचे भाऊ आत्याबरोबर शाळेत नाव घालायला गेले. आत्याच्या उजळ रंगाच्या मुलांना प्रवेश मिळाला. सावळ्या मेंडेझ भावंडांना मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठीच्या वेगळ्या ‘मेक्सिकन’ शाळेचा रस्ता दाखवला. सबब कसली, तर इंग्रजी कच्चं असल्याची. आणि सिल्व्हिया तर इंग्रजी छान बोलायची! वडील गोन्सालो मेंडेझ आणखी चार कुटुंबांसह १९४५ साली कोर्टात गेले आणि १९४७ साली अपिलातही जिंकले. वावडं असलेली माणसं असा खटला लढत नाहीत.

आकडेही तेच सांगतात. १८ ते २४ वयोगटातल्या लॅटिनो तरुणांत हायस्कूल अर्धवट सोडलेल्यांचं प्रमाण १९९६ साली ३४ टक्के होतं, ते २०१६ पर्यंत १० टक्क्यांवर आलं.

चार वर्षांच्या पदवीच्या बाबतीत इतरांच्या तुलनेत अंतर अजून आहे, हे खरं. पण त्यामागे पैसा आहे: अनेक जण नोकरी सांभाळत दोन वर्षांच्या, स्वस्त कम्युनिटी कॉलेजात शिकतात.