ऋचा की रुचा? ऐकायला एकच, पण नावं दोन

बारशाच्या आधी घरात हा घोळ बऱ्याचदा होतो. कुणीतरी नाव सुचवतं, सगळ्यांना आवडतं, आणि मग पत्रिकेवर लिहायची वेळ आली की एक जण म्हणतो ऋषीतला ऋ, दुसरा म्हणतो साधा र आणि त्याला उकार, तिसरा म्हणतो काय फरक पडतो, एकच तर आहे. एकच नाहीये पण. दोन्ही नावांचे धातू वेगळे, अर्थ वेगळे, मराठी उच्चारामुळे ती कानाला जुळी वाटतात एवढंच.

ऋचा हा शब्द संस्कृतातल्या ऋच् पासून आलाय, स्तुती करणे ह्या अर्थाचा. त्याच ऋच् ला वेद जोडला की च् चा ग् होतो आणि ऋग्वेद तयार होतो, म्हणजे नाव ऋचा ठेवलं तर ऋग्वेदातलं 'ऋग्' तेच मुलीच्या नावात आलं असं समजा. ऋचेचा अर्थ पुष्कळ जण नुसता 'मंत्र' किंवा 'वेदातली ओळ' असा सांगतात, पण ऋचा म्हणजे छंदात बांधलेलं एक पूर्ण कडवं. अशा अनेक ऋचा मिळून एक सूक्त होतं, आणि ऋग्वेदात 10 मंडलं, 1028 सूक्तं आणि साडेदहा हजारांच्या आसपास ऋचा आहेत. सगळ्यांना पाठ असलेला गायत्री मंत्रसुद्धा मुळात एक ऋचाच, तिसऱ्या मंडलातल्या 62व्या सूक्तातली 10वी. आणि मला ह्या नावात सगळ्यात भावणारी गोष्ट अशी की लोपामुद्रा, घोषा, अपाला ह्या स्त्रियांच्या नावावरही ऋग्वेदात ऋचा आहेत, त्यामुळे मुलीला हे नाव देताना ते नुसतं धार्मिक म्हणून नको, बाईनेही रचलेल्या शब्दाचं नाव म्हणून द्यावं असं मला मनापासून वाटतं.

रुचा मात्र रुच् ह्या धातूची. त्याचे अर्थ दोन, चमकणे आणि आवडणे. म्हणून रुचा म्हणजे तेज, कांती, आणि आवड, इच्छासुद्धा. हा धातू तर आपण रोज वापरतो, मला ते रुचलं नाही, रुची, रुचकर, अभिरुची, सगळे त्याचेच. रुचिरा हे नावही तिथलंच. आणि एक गंमत बघा, चमकतं ते रुक्म, म्हणजे सोनं, त्यावरून रुक्मिणी आणि रुक्मिणीवरून आपली पंढरपूरची रखुमाई, म्हणजे रुचा आणि रखुमाई नात्यातल्या निघाल्या! लोक रुचाला 'ऋचाचं चुकीचं स्पेलिंग' म्हणतात तेव्हा खरंच वाईट वाटतं, इतकं स्वतःचं घर असलेला शब्द आहे तो.

मग घोळ होतो कशामुळे, तर ऋ मुळे. हा मुळात स्वर, पण त्याचा जुना उच्चार आता बोलण्यात राहिला नाही, आपण मराठीत त्याला रु म्हणतो आणि हिंदीत रि म्हणतात. म्हणून आपली ऋचा दिल्लीला गेली की रिचा होते, रुचा मात्र तिकडेही रुचाच राहते. ऋतुजाचंही तेच, रुतुजा लिहिलेलं किती ठिकाणी दिसतं. त्यात मोबाईलवर इंग्रजी अक्षरांनी टाईप केलं की बहुतेक वेळा रुचाच उमटतं आणि ऋ शोधायचा कंटाळा करून लोक तेच ठेवून देतात.

कागदपत्रांत हे जास्त नडतं. आमच्या भाचीच्या जन्मदाखल्यावर रुचा आणि शाळेच्या दाखल्यावर ऋचा असं झालं होतं, इंग्रजी स्पेलिंग दोन्हीकडे सेम त्यामुळे कित्येक वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नाही, आणि मग दुरुस्तीसाठी अर्ज नि हेलपाटे. शिवाय मराठी अकारविल्हे यादीत ऋ स्वरांमध्ये येतो, ऊ नंतर आणि ए च्या आधी, त्यामुळे ऋचा सुरुवातीला सापडते आणि रुचा पार खाली य आणि ल च्या मध्ये.

राशीच्या अक्षरावरून नाव ठेवणाऱ्यांसाठी, र हे तूळ राशीचं अक्षर, त्यात रु स्वाती नक्षत्राचं. ऋ ला बरेच जण उच्चारावरून रु मध्येच धरतात, तेव्हा तिथे तुमच्या गुरुजींना विचारलेलं बरं.

इंग्रजी स्पेलिंगचं म्हणाल तर ऋचासाठी आर नंतर यू घ्या, आय घेतलात तर महाराष्ट्राबाहेरच काय, इथेही तिला रिचा म्हणूनच हाक मारतील. आणि फॉर्म भरताना समोरच्याला नुसतं नाव सांगू नका, 'ऋषीतला ऋ' किंवा 'रुमालातला रु' असं सांगा आणि त्याने लिहिलेलं तिथेच वाचून घ्या.